घड्याळ काढून ठेवू नका



बरीच वर्षं केलेली नोकरी अचानक सुटली तर माणसानं काय करावं, या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी विचारलं, की बाबांनो, मीच का? मी समुपदेशक नाही, वकीलही नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी तेवीस वर्षं स्टोअरकीपर होतो. १९८६ साली लागलो आणि २००९ साली मला घरी पाठवलं. तेव्हा माझं वय अठ्ठेचाळीस होतं. पुढं निवृत्त झाल्यावर मी एका कामगार संघटनेच्या कार्यालयात आठवड्यातून दोन दिवस बसू लागलो. ज्यांच्या हातात पत्र पडलंय अशी माणसं तिथं येतात, त्यांचे हिशेब मांडून देतो, अर्ज लिहून देतो. माझी पात्रता एवढीच. शिवाय ज्या चुका करू नका असं मी त्यांना सांगतो, त्यातल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

२००८ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, हे आपल्याला आठवत असेल. तिचा आणि वागळे इस्टेटमधल्या माझ्या स्टोअर्सचा काय संबंध? पण संबंध होता. आमचा माल ज्यांच्या यंत्रांना लागायचा त्यांच्या निर्यातीच्या ऑर्डरी थांबल्या. दिवाळीनंतर माझ्याकडे येणारी मागणीपत्रं कमी होऊ लागली. रॅकवर माल तसाच पडून राहू लागला. बिन कार्डावर महिना-महिना एकही नोंद नाही. खरं म्हणजे कारखान्यात सगळ्यांच्या आधी हे स्टोअरकीपरला दिसतं. मला दिसत होतं. तरी मी मनाला सांगत होतो, की मार्चनंतर काम येईल.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता मला पर्सोनेल विभागात बोलावलं. चहा मागवला. तेवीस वर्षांत त्या खोलीत मला कोणी चहा विचारला नव्हता, तेव्हाच खरं म्हणजे समजायला हवं होतं. साहेबांनी अगदी सौम्य आवाजात सांगितलं, की कंपनी अडचणीत आहे, तुम्ही जुने आहात, तुमचा मान राखायचा आहे. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक माझ्या नावानं टाइप केलेला राजीनामा आणि दुसरा अडीच लाख रुपयांचा चेक. 'आज सही केलीत तर चेक आजच घेऊन जा. नाही केलीत तर पुढं काय होईल, किती मिळेल, कधी मिळेल, ते माझ्या हातात नाही.'

मी सही केली. घरी विचारून येतो, एवढंही म्हणालो नाही. अडीच लाख हा आकडा मी आयुष्यात एकरकमी पाहिला नव्हता. आणि चहा घेतलेल्या माणसासमोर नाही म्हणण्याचा संकोचही होता, हे कबूल केलं पाहिजे.

त्या अडीच लाखांचा हिशेब आधी सांगतो, कारण आजही कार्यालयात येणारा प्रत्येक दुसरा माणूस याच ठिकाणी फसलेला असतो.

माझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ११,७०० रुपये होते. ग्रॅच्युइटीचा नियम असा, की शेवटच्या महिन्याच्या या रकमेला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि जितकी वर्षं नोकरी झाली तितक्यांनी पुन्हा गुणायचं. ११,७०० भागिले २६ म्हणजे ४५०. त्याचे पंधरापट ६,७५०. गुणिले २३, म्हणजे १,५५,२५० रुपये. ही रक्कम माझीच होती. मी राजीनामा दिला असता, निवृत्त झालो असतो किंवा मला काढलं असतं, तरी ती मला मिळणारच होती. पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी द्यावी लागते, आणि ती देय झाल्यापासून तीस दिवसांच्या आत द्यावी लागते. अडीच लाखांच्या चेकमध्ये हीच रक्कम धरलेली होती. म्हणजे कंपनीनं मान राखून वर दिले किती? ९४,७५० रुपये.

आता दुसरी बाजू. मी राजीनामा दिला नसता आणि कंपनीनं मला रीतसर कमी केलं असतं, तर ती झाली असती कामगार कपात. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात एका महिन्याचा पगार द्यावा लागे, आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागे. सगळे भत्ते धरून माझा पगार १४,००० होता. त्याचा निम्मा ७,०००, गुणिले २३, म्हणजे १,६१,०००. नोटिशीचे १४,००० धरून १,७५,०००. आणि ग्रॅच्युइटी याच्याशिवाय वेगळी. एका चहावर मी ८०,२५० रुपये सोडून आलो होतो.

आणखी एक गोष्ट गेली. कपात करताना त्या प्रकारच्या कामात जो सर्वांत शेवटी लागला त्याला आधी कमी करावं, असा कायद्याचा सर्वसाधारण दंडक आहे. तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. माझ्यामागून सोळा वर्षांनी लागलेला मुलगा स्टोअर्समध्ये राहिला आणि मी बाहेर पडलो. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पण राजीनामा दिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारताच येत नाही. तो स्वतःहून गेलेला असतो. कागद तसं सांगतो.

हा हिशेब मला त्या दिवशी कळला नाही. कळला तो तीन आठवड्यांनी, आणि तोही मासुंदा तलावाच्या काठावर. ती हकिगत सांगतो.

घरी पत्नीला त्याच रात्री सांगितलं. ती बालवाडीत शिकवायची. तिनं चेक पाहिला, कागद वाचला आणि 'अहो, जेवून घ्या आधी' एवढंच म्हणाली. मुलगा बारावीला होता, त्याची परीक्षा तोंडावर. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मुलाची परीक्षा होईपर्यंत त्याला आणि आईला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. निदान कारण तरी तेच दिलं. खरं कारण असं, की मला डोंबिवलीच्या आमच्या चाळीवजा इमारतीत सकाळी साडेनऊ वाजता गॅलरीत उभं राहायची लाज वाटत होती. साडेनऊला गॅलरीत एक तर म्हातारी माणसं असतात किंवा आजारी.

म्हणून मी रोज नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडायचो. रेल्वेचा तिमाही पास होताच. पण नेहमीची ७.२४ ची लोकल मी टाळायचो, कारण त्या डब्यात आमचा ग्रुप असे. पंधरा-सोळा वर्षांचे सोबती, दसऱ्याला डब्याला तोरण बांधणारे. त्यांना काय सांगणार? मी वीस मिनिटं उशिराची गाडी पकडायचो, ठाण्याला उतरायचो आणि हिंडायचो. गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका. दुपारी तलावपाळीवर बसून डबा खायचा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत.

एके दिवशी डबा उघडला आणि पलीकडच्या बाकावर पाहिलं, तर आमच्याच कारखान्यातले एक फिटर डबा खात बसलेले! दोघंही क्षणभर चोरासारखे झालो. मग ते हसले. 'या स्टोअरवाले, कॅन्टीन बदललेलं दिसतंय.'

त्यांनाही त्याच आठवड्यात बोलावलं होतं. पण त्यांनी चहा घेतला होता आणि सही केली नव्हती. 'युनियनमध्ये विचारून सांगतो' म्हणून उठून आले होते. त्यांनीच माझ्याकडून आकडे विचारून घेतले आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हा सगळा हिशेब मांडून दाखवला. शेवटी पेन खिशाला लावत म्हणाले, 'तुमची ग्रॅच्युइटी तुम्हालाच दिली, आणि वर तुमच्याकडून आभार मानून घेतले.'

त्यांचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर मी एकच बाजू सांगितल्यासारखं होईल. ते आणि आणखी चौघे अडून बसले. प्रकरण कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलं, तारखा पडल्या. चौदा महिन्यांनी तडजोड झाली आणि त्यांना कायद्यानं ठरतात ते पैसे मिळाले. त्या चौदा महिन्यांत त्यांच्या मुलीचं लग्न पुढं ढकललं गेलं, बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. मी हरलो आणि ते जिंकले, असं मी म्हणणार नाही. पण त्यांना काय सोडतोय आणि काय धरतोय हे माहीत होतं, मला नव्हतं. म्हणून माझं सांगणं इतकंच, की त्या खोलीत, त्या दिवशी सही करू नका. कागदाची प्रत मागा, चार दिवस मागा. एका रात्रीत कंपनी पळून जात नाही. कोणाला तरी हिशेब दाखवा, मग हवी तर सही करा.

आता कायदे बदललेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायदा, ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांत सामावले गेले. एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई कायम आहे. त्याशिवाय कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी पंधरा दिवसांचा पगार पंचेचाळीस दिवसांच्या आत जमा व्हायला हवा. नवं काही शिकता यावं म्हणून मालकांच्या वर्गणीतून केलेल्या निधीची ती तरतूद आहे. हे चांगलं झालं. उलट, कारखान्यात कपातीसाठी सरकारची आधी परवानगी घेण्याचं बंधन पूर्वी शंभर कामगारांपासून होतं, महाराष्ट्रात आणि देशभर बहुतेक ठिकाणी, ते आता तीनशेपासून आहे. आणि पुन्हा भरती निघाली तर जुन्या माणसाला आधी विचारायचं, हा हक्क आता कपातीपासून एका वर्षापुरताच आहे. पगार म्हणजे काय, याची व्याख्याही बदलली. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त धरता येत नाहीत. त्यामुळे मूळ पगार मुद्दाम लहान दाखवलेल्या लोकांची ग्रॅच्युइटी वाढू शकते. सुटलेल्या माणसानं शेवटची पगारचिठ्ठी म्हणूनच जपून ठेवावी.

प्रॉव्हिडंट फंडाबद्दल थोडक्यात. माझ्या वेळी दोन महिने बेकार राहिल्यावर सगळा फंड काढता यायचा. २०२५ च्या ऑक्टोबरात फंडाच्या विश्वस्त मंडळानं ती मुदत बारा महिने करायचं आणि पाऊण रक्कम मात्र आधी काढू द्यायचं ठरवलं. नियम कोणताही असो, फंड मोडण्यापूर्वी पेन्शनचं बघा. १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षं भरलेल्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन मिळतं. पन्नाशीनंतर लवकरही घेता येतं, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितके दर वर्षामागे चार टक्के कमी होतात आणि ते कायमचे कमी होतात. मला पन्नासाव्या वर्षी मोह झाला होता. पत्नीनं थांबवलं. २०१९ पासून मला ते पूर्ण मिळतंय. रक्कम फार मोठी आहे असं नाही, पण महिन्याच्या औषधांना कोणापुढं हात पसरावा लागत नाही.

हे झालं पैशांचं. आता ज्यासाठी मी खरं म्हणजे इथं आलो, त्याकडे वळतो.

आमच्या कार्यालयात अधूनमधून एक प्राध्यापक येत. त्यांनी एकदा मला ऑस्ट्रियातल्या मारिएंथाल या गावाची गोष्ट सांगितली. व्हिएन्नाजवळचं हे लहान गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गिरणी बंद पडली. गावात ४७८ कुटुंबं. त्यातल्या बहुतेक घरांत कमावतं माणूस उरलं नाही. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी १९३१-३२ च्या सुमाराला तिथं बारकाईनं पाहणी केली आणि १९३३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं.

त्यांना वाटलं होतं, रिकाम्या वेळात लोक वाचतील, बोलतील, संघटना चालवतील. घडलं उलटंच. गावातल्या वाचनालयाची वर्गणी माफ केली होती, तरी दोन वर्षांत वाचायला नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. संशोधक रस्त्याकडेच्या एका ठिकाणी बसून माणसं किती वेगानं चालतात ते मोजत. पुरुष हळूहळू, थांबत थांबत चालत. बायका भराभर. बायकांचीही गिरणीतली नोकरी गेली होती, पण घरचं काम गेलं नव्हतं. त्यांचा दिवस शाबूत होता. पुरुषांना दिवसभरात काय केलं ते लिहून द्यायला सांगितलं, तर सकाळी उठलो, जेवलो, झोपलो, याच्या मधलं काही आठवेना. आणि एक नोंद मला फार लागली. बहुतेक पुरुषांनी खिशात घड्याळ बाळगणंच सोडून दिलं होतं.

हे ऐकलं आणि मला माझे मामा आठवले. मामा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात जवळजवळ अडीच लाख कामगार उतरले, आणि मामांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलीच नाही. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा. त्यांच्याकडे गेलो की ते चाळीच्या जिन्यात बसलेले असायचे. त्यांचं मनगट मला आठवतं. घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा डाग होता, घड्याळ नव्हतं. विकलं असेल असं मी तेव्हा धरून चाललो होतो. ते आत फळीवर पडलेलं होतं, हे मामी वारल्यावर सामान आवरताना कळलं.

याहोडाबाईंनी पुढं अनेक वर्षं या विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर असं. नोकरी आपल्याला पगार देते हे आपण जाणतो. पण ती न मागता आणखी पाच गोष्टी देत असते. दिवसाला आकार देते. घराबाहेरच्या माणसांत नेऊन सोडते. एकट्याला जमणार नाही अशा कामात आपला वाटा ठेवते. 'तुम्ही काय करता?' याला उत्तर देते. आणि हात हलते ठेवते. नोकरी गेली की पगार गेला हे पहिल्या तारखेला कळतं. बाकीच्या पाच गेल्या आहेत हे कळायला वेळ लागतो, आणि मग माणूस म्हणतो, मला काहीतरी होतंय, डॉक्टरकडे जायला हवं. डॉक्टरकडे जरूर जावं. झोप उडाली असेल, दारू जवळची वाटू लागली असेल, जगण्यात राम नाही असे विचार येत असतील, तर उशीर करूच नये. पण पुष्कळांना औषधाआधी भोंगा हवा असतो.

माझा भोंगा परत कसा आला, ते सांगतो.

मुलाची परीक्षा झाली. त्याला आणि आईला सांगायचं ठरलं. संध्याकाळी सगळे बसलो, मी सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तोच आई म्हणाली, 'अरे, मला ठाऊक आहे.' कसं? तर ती म्हणाली, 'महिनाभर तुझ्या शर्टाला ऑइलचा वास येत नाही. डबा रिकामा येतो, पण बाहीवर डाग नाही. मी काय लहान आहे?' मी ज्यांच्यासाठी लपवत होतो त्यांना माहीत होतं, आणि मला लपवता यावं म्हणून त्या बिचाऱ्या गप्प होत्या. रोज डबा भरताना तिच्या मनात काय येत असेल?

त्या रात्री पत्नीनं शाळेच्या मुलांची एक कोरी वही काढली. डावीकडे शिल्लक, उजवीकडे महिन्याचा खर्च. चौदा महिने निघतील असा आकडा आला. मला वाटत होतं चार. भीतीला आकडा नसतो, म्हणून ती मोठी असते. घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन साहेबांना खरी परिस्थिती सांगितली, त्यांनी मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला. चुकल्यावर गेलो असतो तर वेगळ्या खुर्चीत बसावं लागलं असतं. विम्याच्या पॉलिसी मोडल्या नाहीत, दोन 'पेड-अप' करून ठेवल्या. एका मेहुण्यांनी शेअर रिक्षा घ्यायचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी साबणाची एजन्सी. हातात चेक आहे हे कळलं, की सल्ला देणारे नातेवाईक कुठून येतात देव जाणे. आम्ही सहा महिने त्या पैशाला हात न लावायचं ठरवलं.

आणि मी ७.२४ च्या लोकलला परत गेलो. कामावर जायचं नव्हतं तरी. त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या स्टोअर्समध्ये सगळं हातानं लिहायचं, बिन कार्डं, खातेवह्या. मुलाखतीला गेलो की विचारायचे, 'संगणकावर स्टॉक ठेवता येतो का?' अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये एक्सेल आणि टॅली शिकायला नाव घातलं. सकाळी साडेआठची बॅच. सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं, मला 'काका' म्हणायची आणि माउस कसा धरायचा ते दाखवायची. पहिला आठवडा फार अवघड गेला. पण सकाळी साडेआठला मी कुठंतरी हजर असायला हवा होतो, आणि नसलो तर कोणीतरी विचारणार होतं.

ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी सांगून टाकलं. डबा क्षणभर गप्प झाला. मग एकानं, 'मागच्या वर्षी माझ्या भावाचं झालं' असं सांगितलं. दुसरा म्हणाला, 'माझं चाललंय, घरी बोललो नाहीये.' एवढी वर्षं आम्ही क्रिकेट आणि भाज्यांचे भाव यांवर बोलत होतो.

सात महिन्यांनी नोकरी मिळाली ती याच डब्यातून. ग्रुपमधले एक जण एका इस्पितळात हिशेबनीस होते. तिथं औषधांच्या स्टोअर्ससाठी माणूस हवा होता. जाहिरात आलीच नव्हती. पगार ६,५००, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी, आणि तोही कंत्राटी. मी गेलो. बेअरिंगला एक्स्पायरी नसते, सलाइनच्या बाटलीला असते, हा फरक सोडला तर रॅक तेच, आधी आलेला माल आधी द्यायचा हा नियम तोच. तिथं मी दहा वर्षं काढली. जुन्या पगाराइतका पगार व्हायला सहा वर्षं लागली. तोपर्यंत घरात पत्नीचा पगार माझ्याहून जास्त होता. मला ते जड गेलं, आणि ते जड गेलं याची आता लाज वाटते.

आता माणसं वेगळ्या तऱ्हेनं सुटतात. चहासुद्धा मिळत नाही. सकाळी लॅपटॉप उघडत नाही, मग फोनवर मेल येतो. दहा-बारा वर्षं काम केलेल्या माणसाला शेजारच्या टेबलाचा निरोपही घेता येत नाही. फिटरकाकांना आणि मला निदान तलावपाळीचं बाक तरी होतं.

मागच्या महिन्यात चाळिशीतले एक गृहस्थ कार्यालयात आले. भिवंडीतल्या एका गोदामात पंधरा वर्षं. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात न सही केलेलं राजीनाम्याचं पत्र. आम्ही हिशेब मांडायला बसलो. पगारचिठ्ठी पाहिली, तारखा लिहिल्या, छब्बीसनं भागलं. कंपनीनं देऊ केलेल्या आकड्याखाली मी खरा आकडा लिहिला तेव्हा ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. एक वाजला. त्यांनी संकोचानं विचारलं, 'इथं डबा खाल्ला तर चालेल का?' मी म्हटलं, खा की. घरी कोण कोण असतं? बायको, दोन मुली, आई. माहीत आहे का घरी? नाही म्हणाले, कोणालाच नाही.

'डबा कोणी भरला?'

'आईनं.'

मी माझाही डबा काढला आणि आम्ही जेवायला बसलो.